वैभवीची चुकांची वही

किन्हीराजात ब्लाउज शिवायचा म्हटलं की बाया वैभवीकडंच जात. शिलाई फार नव्हती हे एक झालंच, पण खरं कारण तिची नजर. बाई दारातून आत आली की टेप हातात घ्यायच्या आधीच वैभवीला कळे, हिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरता आहे. मग ती त्या बाजूला बोटभर कापड जास्त सोडी आणि बाईला आयुष्यात पहिल्यांदा अंगाशी बसणारा ब्लाउज मिळे. मंगरूळपीरला माहेरी असताना एका मास्तराच्या हाताखाली तिनं चार वर्षं शिवण शिकून घेतलं होतं. मास्तर म्हणायचे, हात कोणालाही शिकवता येतात, डोळे ज्याचे त्यानं आणावे लागतात.

तिचं मशीन समोरच्या खोलीत होतं आणि मशीनसमोर टीव्ही. दुपारी एकला 'काळडोहाची सून' या मालिकेचा आदल्या दिवसाचा भाग पुन्हा लागायचा. सासू मनकर्णाबाई तेव्हा डाळ निवडत किंवा लसूण सोलत भिंतीला टेकून बसे. गोष्ट तशी सोपी होती. घरची थोरली सून डोहात बुडून मेली, तिचं भूत नव्या सुनेच्या अंगात येऊ पाहतं, आणि गाव मशाली घेऊन दर दोन-चार दिवसांनी देवळापुढं गोळा होतं. मनकर्णाबाईला भूत दिसलं की ती पदराचं टोक तोंडात धरी. वैभवीचं लक्ष मात्र भुताच्या बाहीवर असायचं.

"आत्याबाई, ही मेली तवा बाही कोपरापर्यंत होती. आता पाहा, दंडावर आली."

"अवं, ते भूत हाये. भुताले काय धरबंद?"

"भुताले नसंल. शिंप्याले त असते ना."

अशा चुका तिला रोज दिसत. आरशात भुताचं प्रतिबिंब पडत नाही असं सांगितलेलं, पण मागच्या कपाटाच्या काचेत त्याचा अंबाडा लख्ख दिसे. सासऱ्याच्या फोटोला हार घातलेला आणि महिनाभरानं तोच नट त्याच फोटोखाली भाऊबंद म्हणून चहा पीत बसलेला. वैभवीला यात चिडण्यासारखं काही वाटत नसे. उसवलेली शिवण दिसली की बोट आपोआप तिकडं जातं, तसंच हे.

नवरा राजू तेव्हा ठाण्याच्या पलीकडं टाइल्स बसवायच्या कामाला होता. घरच्या दोन एकरात चौघांचं भागत नव्हतं, म्हणून लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच तो गेला. शेजारच्या तांड्यावरचा सोमला त्याच्याबरोबर एका खोलीत राही. लग्नाला पाच वर्षं होत आली होती, मूल नव्हतं. वर्षातले दहा महिने नवरा तिकडं असताना ते कुठून होणार, असं मनकर्णाबाईच लोकांना सांगे.

एका पौषात राजूचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. टाइल्सचं काम महिनाभर बंद पडलं होतं, आणि मजुरांच्या नाक्यावरून एक माणूस त्याला शूटिंगला घेऊन गेला होता. गर्दीत उभं राहायचं काम. मालिका कोणती, तर हीच. तिसऱ्या आठवड्यात तो टीव्हीवर दिसला. देवळापुढच्या घोळक्यात, मागच्या रांगेत तिसरा, त्यांनी दिलेली घोंगडी खांद्यावर आणि हातात मशाल. मनकर्णाबाईनं टीव्हीवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सासरे पुंजाजी दुसऱ्या दिवशी दुपारी शेतातून जेवायला बरोबर एकच्या आत घरी आले.

संध्याकाळी वैभवीनं फोनवर विचारलं, "मशाल आधी तुमच्या उजव्या हातात होती. बाई किंचाळली तवा डाव्या हातात कशी आली?"

राजू हसत सुटला. "मधात जेवाची सुट्टी झाली. हात दुखून राह्यला होता म्हणून म्याच बदलली. तिथं कोणी पाह्यलं नाई."

"म्या पाह्यलं."

तेव्हापासून नवरा-बायकोचा तो खेळच झाला. तो रात्री मुद्दाम विचारी, आज काय चुकलं? ती सांगे. पुढं त्यानं तिला एक नवी गोष्ट सांगितली. शूटिंगवर एक बाई असते, रंजीता मॅडम म्हणतात तिला. कोणाच्या हातात काय होतं, पदर कोणत्या खांद्यावर होता, दिवा किती जळाला होता, हे सगळं लिहून ठेवणं, त्याचे फोटो काढून ठेवणं, हेच तिचं काम. त्याला कंटिन्युटी म्हणतात.

"तिले तुहं सांगितलं. हसली. म्हणे, तुमच्या बायकोले पाठवा, आमाले अशाच माणसाची गरज हाये."

मॅडम ते सहज बोलली असेल. पण वैभवीनं ते वाक्य उचललं आणि जपून ठेवलं. अशा कामाला नाव आहे, त्यासाठी कोणी माणूस ठेवतं, हेच तिला नवीन होतं. तिनं दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर राजूला दोनदा विचारून 'कंटिन्युटी' असं लिहिलं आणि खाली रोजची तारीख, प्रसंग आणि चूक लिहायला लागली. ब्लाउजची गिऱ्हाइकं वही पाहून विचारत, ती म्हणे, मापं आहेत.

होळीला राजू आठ दिवस घरी आला. निळ्या चौकटीचा त्याचा एक आवडता शर्ट होता, शूटिंगलाही तो घोंगडीच्या आत तोच घालायचा. मानेशी घासून त्याच्या कॉलरची कड फाटली होती, पांढरे दोरे निघाले होते. वैभवीनं कॉलर उसवली, उलटी करून पुन्हा शिवली, फाटकी बाजू आत गेली. शर्ट नवा दिसू लागला. राजू खाटेवर पडून वही वाचत होता.

"दिवाळीनंतर तुले घेऊनच जातो," तो म्हणाला. "सोमला दुसरी खोली पाहून राह्यला."

आषाढात त्याचा फोन लागेनासा झाला. पहिल्या दिवशी वैभवीला वाटलं, चार्जिंग नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, फोन पडला असेल. चौथ्या दिवशी सोमलाचा फोन आला. राजू सकाळी म्हणाला होता, आज शूटिंगला जात नाही, एका गोदामात पक्कं काम आहे म्हणतात, ते पाहून येतो. गेला तो आलाच नाही. बॅग खोलीतच होती. कोणतं गोदाम, कोण म्हणालं, हे सोमलाला ठाऊक नव्हतं.

पुंजाजी त्याला शोधायला ठाण्याला गेले. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, फोटो ठेवून घेतला. सोमलाबरोबर ते दवाखान्यांतून फिरले, नको त्या खोल्यांमध्येही डोकावून आले. नऊ दिवसांनी परतले तेव्हा त्यांचा शर्ट अंगावर लोंबत होता. "काई नाई भेटलं," एवढंच बोलले.

श्रावणात मालिकेत देवळापुढची गर्दी पुन्हा दिसली. मागच्या रांगेत तिसरा, घोंगडी, मशाल, आणि धूर लागू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलेलं. शूटिंग दोन-तीन आठवड्यांनी, कधी महिना-दीड महिन्यानंही दाखवतात, तेव्हा हे तो बेपत्ता व्हायच्या आधीचंच, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. तरी वैभवी मशीन थांबवून त्या घोंगडीकडं पाहत राहिली. पुढचे काही आठवडे ती घोंगडी अधूनमधून दिसे. वही तिनं तेव्हापासून उघडली नाही. भादव्यात घोंगडीही दिसेनाशी झाली.

मार्गशीर्षात एका दुपारी शेजारची मोतीबाई ब्लाउज घालून पाहायला आली होती. वैभवी तिच्या पाठीशी टाचण्या लावत होती. मनकर्णाबाई डाळ निवडता निवडता म्हणाली, "राजू."

ती ओरडली नाही. हाक मारावी तशी म्हणाली.

पडद्यावर देऊळ होतं, मशाली होत्या, मागच्या रांगेत राजू होता. तोंडाला फडकं नव्हतं. त्यानं मान वळवून कुठंतरी पाहिलं, हसू दाबल्यासारखं केलं, आणि दृश्य बदललं. चार-पाच सेकंद असतील. मोतीबाई टाचण्या लावलेल्या ब्लाउजवरच घरी धावली. अर्ध्या तासात घर माणसांनी भरलं. कोणी म्हणालं, होळीनंतर पोरगा सुधारला. कोणी म्हणालं, तिकडं मोठ्या कामाला लागला, घर विसरला. मनकर्णाबाई सगळ्यांना साखर वाटत होती. आषाढापासून ती दिवसातून एकदाच जेवत होती. त्या दिवशी तिनं सगळ्यांदेखत भाकर कुस्करून दूध घालून खाल्ली.

वैभवीनंही आधी माणूसच पाहिला. कपडे पाहिले नाहीत, जागा पाहिली नाही. दुपार ते दिवेलागण एवढा वेळ तिनं स्वतःला तेवढंच पाहू दिलं. मग सगळे गेल्यावर मोबाइलवर तो भाग लावला आणि त्याचा चेहरा नीट दिसतो तिथं थांबवला. घोंगडी मानेपासून थोडी सरकली होती. आत निळ्या चौकटीचा शर्ट होता. कॉलरच्या कडेला पांढरे दोरे होते.

तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. दोरेच होते. देवळाची दुसरी पायरी भुतानं दिवाळीच्या भागात फोडली होती, ती इथं धड होती. पण पायरी लोक दुरुस्तही करतात. कॉलर मात्र तिनं स्वतः पालटली होती. हे होळीच्या आधीचं शूटिंग होतं. गर्दी पुन्हा गोळा करायचा खटाटोप नको म्हणून कोणीतरी जुना तुकडा मधे जोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन शेतात गेली. पुंजाजी तुरीच्या ओळीत उभे होते. तिनं सांगितलं. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत दिला.

"पक्कं?"

"म्या पालटली मामाजी. मले नाई समजणार त कोणाले समजंल?"

पुंजाजी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले. बराच वेळ शेंगा चाचपत राहिले. मग म्हणाले, "तरी जाऊन येऊ. मांगच्या वेळी शूटिंगच्या जागेवर मले कोणी आत जाऊ देल्लं नाई. त्यायच्याजवळ काही लिवलेलं असंल. तू बी चाल, तुले तरी समजंल ते काय सांगतात."

मनकर्णाबाईला सांगावंच लागलं. ती चुलीपाशी भाकर थापत होती. ऐकून तिचे हात थांबले नाहीत.

"जगानं पाह्यला माहा लेक. तुले तेवढी कॉलर दिसली."

"आत्याबाई, म्या खोटं कायले बोलू?"

"तुले तो जित्ता नाई पायजे," मनकर्णाबाई म्हणाली आणि भाकर तव्यावर टाकली. हा शब्द तिनं नंतर कधी मागं घेतला नाही, आणि वैभवीनंही तो मागं घ्यायला सांगितलं नाही.

अकोल्याहून रेल्वेनं ते दोघं कल्याणला उतरले, तिथून सोमला त्यांना घेऊन गेला. शूटिंगची जागा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेड होत्या. देऊळ पुढून दगडी दिसत होतं. मागून नुसत्या फळ्या आणि बांबू. दोन तास उन्हात थांबल्यावर रंजीता मॅडम बाहेर आली. पस्तिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात टॅब. राजूचं नाव तिला आठवेना. वैभवी म्हणाली, "मशालवाला. मागच्या रांगेत तिसरा."

"हां. ज्यांची बायको चुका काढायची." मग तिला समजलं की समोर कोण उभं आहे, आणि तिनं दोघांसाठी खुर्च्या आणायला सांगितल्या.

परवाच्या तुकड्याबद्दल तिला विचारावंच लागलं नाही. फेब्रुवारीचा आहे, ती म्हणाली. गर्दीला बोलवायचं नव्हतं म्हणून एडिटिंगमध्ये वापरला. मग तिनं जुने फोटो काढले. देवळापुढच्या प्रत्येक प्रसंगाचा फोटो होता, वर तारीख. राजू, राजू, राजू. पालटलेल्या कॉलरचा राजू. शेवटचा फोटो अकरा जुलैचा. त्याच्या पुढचा बारा जुलैचा: तीच रांग, तीच जागा, तीच घोंगडी, तोंडाला फडकं.

"हे बी तेच," वैभवी म्हणाली.

मॅडमनं मान हलवली. "बाराला ते आले नाहीत. आम्ही पंधरा-वीस मिनिटं वाट पाहिली. प्रसंग अर्धा झालेला होता, म्हणून त्यांची घोंगडी दुसऱ्याला दिली. चेहरा वेगळा दिसू नये म्हणून फडकं बांधलं."

वैभवी त्या फोटोकडं बघत राहिली. खांदे वेगळे होते. आता सरळ दिसत होतं, हा माणूस राजूपेक्षा रुंद होता, उभा राहायची तऱ्हाच निराळी. सबंध श्रावण तिनं मशीन थांबवून ज्याच्याकडं पाहिलं, ज्याच्यासाठी एकदा न्हाणीत जाऊन तोंडात लुगड्याचा बोळा धरून रडली, तो हा कोणीतरी दुसरा होता. बाहीतला बोटभर फरक पकडणाऱ्या बाईला नवऱ्याचे खांदे ओळखू आले नव्हते.

"कोणतं गोदाम, काही बोलला होता का तो?" पुंजाजींनी विचारलं.

"काका, इथं रोज साठ-सत्तर माणसं येतात. नावं एजंटकडं असतात, आणि तो एजंट पण आता बदलला."

तेव्हा पुंजाजींनी आपल्या पिशवीत हात घातला आणि वही बाहेर काढली. ती त्यांनी कधी घेतली हे वैभवीला माहीत नव्हतं. दोन्ही हातांनी पुढं करत ते म्हणाले, "हिले चुका समजतात. सगळ्या लिवून ठेवल्या हायेत. तुमी म्हणलं होतं म्हणे, गरज हाये."

वैभवीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मॅडमनं मात्र वही उघडली. दहा-बारा पानं खरोखर वाचली.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "यातलं बरंचसं मलाही माहीत होतं."

"मंग?"

"सांगते मी. वरचे म्हणतात, भुताची मालिका आहे, चूक दिसली तर लोक समजतील भुतानंच केली. पुन्हा शूट करायला वेळ नसतो." तिनं वही मिटली. "आणि माझंच काम मार्चपर्यंत आहे. मालिका बंद होतेय. अजून बाहेर बोलू नका."

तिनं चहा पाजला. अकरा जुलैचा फोटो वैभवीच्या मोबाइलवर पाठवला. पोलीस ठाण्यात तो दाखवला, तेव्हा तिथल्या माणसानं तो जुन्या कागदांना जोडून ठेवतो म्हटलं. पुंजाजींनी विचारलं, पुढं काय. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची ओढून समजावून सांगितलं की सात वर्षं काहीच कळलं नाही, तर कोर्टात जाऊन माणूस आता नाही असा कागद करून घेता येतो. पुंजाजींनी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्यांनी वैभवीला विचारलं, "सात म्हणला ना?"

गाडीनं भुसावळ मागं टाकलं. मग पुंजाजी म्हणाले, "राजूच्या मायले काय सांगायचं?"

"जे हाये ते सांगा."

त्यांनी तसंच सांगितलं. मनकर्णाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिथल्या लोकायनं पाह्यला त्याले?"

"जुलैपर्यंत पाह्यला."

"पाह्यला ना," ती म्हणाली आणि उठली. तेवढाच शब्द तिनं ठेवून घेतला.

तो जुना तुकडा मालिकेत आणखी दोनदा लागला. दोन्ही वेळा मनकर्णाबाईनं टीव्हीची काच पदरानं पुसली, गल्लीत जाऊन सांगून आली. लोक आता साखर खायला येत नव्हते. हो म्हणत आणि कामाला लागत. वैभवी मशीनवरून मान वर करत नसे. चैत्रात मालिका संपली. भूत दोन मिनिटांत जळालं, नवी सून शुद्धीवर आली, डोहाचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एक वाजता त्या जागी स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. मनकर्णाबाई आठवडाभर तोही बघत बसली. समोर बसलेल्या बायांच्या मागं कोणी उभं आहे का, ते पाहत असावी. मग तिनं दुपारी टीव्ही लावणं सोडलं.

मंगरूळपीरहून भाऊ न्यायला आला. वैभवी पंधरा दिवस राहिली आणि परत आली. निघताना भावानं विचारलं होतं, "तिथं काय हाये तुहं?" माहेरीही मशीनच चालवायचं होतं. तिथं निदान कोणी तिच्याकडं रोज सकाळी फोन आला का अशा नजरेनं पाहिलं नसतं. पण ती नजर नसली की तिला झोप लागेना.

तिच्या हातून आता कधीमधी चूक होते. मोतीबाईच्या एका ब्लाउजची डावी बाही अर्धा इंच लांब गेली. मोतीबाई तो तसाच घेऊन गेली, आणि लग्नात घालून मिरवली.

यंदा रेशन कार्डावरच्या प्रत्येकानं दुकानात येऊन अंगठा लावायचा, नाहीतर त्याचं धान्य बंद, असा हुकूम निघाला. तिघं गेले. पुंजाजींचा अंगठा मशीनला तीनदा घेता घेता उमटला, मातीनं रेघा झिजलेल्या. मग मनकर्णाबाईचा, मग वैभवीचा. दुकानदारानं पडद्यावर पाहून विचारलं, "राजू?"

"कामाले गेला हाये," मनकर्णाबाई म्हणाली.

दुकानदार गावचाच होता. त्यानं खाली पाहत म्हटलं, "तिकडं बी लावता येते, काकू. कोणत्याही दुकानात. महिनाअखेरपर्यंत."

"सांगतो त्याले."

पुंजाजी रांगेतून बाजूला झाले आणि भिंतीवरची नोटीस वाचत उभे राहिले.

महिना उलटला. पुढच्या वेळी धान्य तिघांचंच मिळालं. मनकर्णाबाईनं पिशवी हातात तोलून पाहिली, पुन्हा एकदा तोलली, आणि दुकानदाराला काहीच विचारलं नाही. वैभवीनं तिच्या हातातून पिशवी घेतली. ऊन चढत होतं. दोघी रस्त्याच्या सावलीच्या कडेनं घराकडं निघाल्या.